परक्या हातची राव्हिओली

ब्वेनोस आयर्समधल्या पार्के पात्रिसिओस वस्तीत कुणालाही विचारा, ‘ला सिला’ खाणावळ कुठे आहे, की उत्तर यायचं, "नातोकडे जायचंय ना? ते काय कोपऱ्यावर." दारावरच्या पाटीवर ‘ला सिला’ असंच रंगवलेलं होतं. इटलीच्या कालाब्रियातल्या आपल्या गावामागच्या डोंगरांचं नाव एर्सिलियाच्या बापाने मोठ्या हौसेने दिलं होतं. पण पन्नास वर्षांत लोकांच्या तोंडी बसलं ते ‘नातोकडे’. एर्सिलिया लागाना आत स्वयंपाकघरात राव्हिओलीच्या, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याच्या, पाऱ्या लाटत असायची, आणि दार उघडझाप झालं की हा शब्द तिच्या कानावर पडायचा. रविवारी नातोकडे. बारसं नातोकडे. पोराला नोकरी लागली, चला नातोकडे. दर वेळी तिच्या छातीत बारीकसं काहीतरी टोचायचं. एव्हाना त्याची सवय व्हायला हवी होती, पण ती काही झाली नाही.

नातो म्हणजे फोर्तुनातो, तिचा धाकटा भाऊ. दुकानाची पाटी चढली त्याच वर्षी तो जन्मला, त्यामुळे येणारेजाणारे त्याला दुकानाचा जुळा भाऊ म्हणायचे. अंगाने सुटलेला, मिशीला पीळ, पांढरं जाकीट, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्याने मान वर करावी. कुणाच्या आईचं ऑपरेशन झालंय, कुणाची मुलगी परीक्षेत अडकलीय, कुणाचं बायकोशी बिनसलंय, सगळं त्याला पाठ. वस्तीचा फुटबॉल संघ हुराकान हरला की तो दंडाला काळी फीत बांधून वाढायला यायचा आणि लोक पोट धरून हसायचे. टेबलाशी बसून दोन ओळी गायचा, म्हाताऱ्यांच्या हातांची चुंबनं घ्यायचा. त्याला अंडंसुद्धा उकडता येत नव्हतं. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, आणि त्यावरही लोक हसायचे.

एर्सिलिया त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. तिला गाता येत नव्हतं, विनोद सांगायला गेली की शेवट आधी तोंडातून निघून जायचा, आणि अनोळखी माणसासमोर तिचे हात कुठे ठेवावेत हे तिला समजायचं नाही. पीठ समोर असलं की मात्र ते हात आपल्या कामाला लागायचे. तिची पारी इतकी पातळ की खालच्या फडक्यावरची निळी रेघ दिसावी. सारणात पालक, रिकोता चीज, भेजा आणि चिमूटभर जायफळ. तूकोचं, म्हणजे टोमॅटोच्या रश्श्याचं, पातेलं सकाळी काम सुरू झाल्याबरोबर चुलीवर चढायचं, आणि त्याचा वास उतरत उतरत ट्रामच्या जुन्या थांब्यापर्यंत जायचा.

या दुकानाची सुरुवातही चुलीपासूनच झाली होती. बाप साव्हेरिओ मांसाच्या कारखान्यात थंड खोल्यांमध्ये लोंबकळणारे बैल ओढायचा. त्याच्याबरोबरचे एकटे पुरुष घरच्या जेवणासाठी हपापलेले असत, म्हणून आई नुन्त्सिया पुढच्या खोलीत चार ताटं मांडू लागली. चाराची आठ झाली, भिंत पाडली, पाटी चढली. त्या वेळी पाच वर्षांची एर्सिलिया टेबलाखाली बसून काट्याच्या पाठीवर बटाट्याच्या पिठाची न्योकी वळायची. सहावी झाल्यावर तिची शाळा सुटली, कारण आईला हात हवे होते. नातो मात्र पुढे शिकला. आईचं म्हणणं असं की पुरुषाने चुलीपाशी यायचंच नाही. नातो दारातून डोकावला तरी ती लाकडी डाव घेऊन धावायची. बाप गेला तेव्हा एर्सिलिया चौदा वर्षं चुलीसमोर उभी होती आणि नातो नुकता एकवीस वर्षांचा झाला होता. आईने किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात दिला. एर्सिलियाला वाटलं, निदान विचारेल तरी. आईने विचारलं नाही, आणि नातोच्याही मनात काही आलं नाही. त्याने किल्ल्या खिशात टाकल्या आणि बाहेर जाऊन लोकांचं सांत्वन केलं. आलेली माणसंच त्याच्या गळ्यात पडून रडत होती.

एकदा एव्हारिस्तो नावाचा एक छापखान्यातला मुलगा तिच्यासाठी यायला लागला होता. बुधवारी, दुपारी, दाराजवळच्या टेबलावर. ती भांडी पुसायचं निमित्त करून बाहेर यायची आणि तो शाईने काळी झालेली नखं लपवत तिच्याशी हळू आवाजात बोलायचा. मग नातो त्याच्या टेबलावर बसू लागला. महिन्याभरात एव्हारिस्तो नातोच्या गोष्टी ऐकायला येऊ लागला, दोघं मिळून मॅचला जाऊ लागले, आणि एके दिवशी त्याने लग्नाचं आमंत्रण दिलं, ते दुसऱ्याच मुलीशी. त्यात नातोचा काही डाव नव्हता, हे एर्सिलियालाही ठाऊक होतं. डाव असता तर तिला बरं वाटलं असतं. नुसतं खुर्ची ओढून बसल्यानेच त्याला सगळं मिळत होतं. एव्हारिस्तो अजूनही बायकोला घेऊन दर रविवारी जेवायला यायचा, आणि त्यांची ताटं एर्सिलियाच भरून द्यायची.

बँकांनी दारं लावून घेतली आणि निम्मी वस्ती बेकार झाली, त्या वर्षी तिने मागच्या अंगणात मोठं पातेलं चढवलं. मसूर, मक्याच्या पिठाचा पोलेंता, हाडांचा रस्सा, जे असेल ते. तिनेच ठरवलं, तिनेच शिजवलं. नातोने डाव घेऊन दारात उभं राहून वाढलं, आणि वाढताना प्रत्येकाशी असा बोलला की फुकटचं खाताना कुणाची मान खाली गेली नाही. हे फार मोठं काम होतं, एर्सिलियाला कळत होतं. पण नंतर वस्तीत जो तो म्हणू लागला, नातोने आपल्याला जगवलं. ते ऐकून तिने त्या दिवशी कांदा इतका बारीक चिरला की हाताखालच्या ग्लादिसने विचारलं, दोन्या, हा कांदा काय अन्यायाने वागला तुमच्याशी?

ग्लादिस पाराग्वायची, मालकिणीला आदराने ‘दोन्या’ म्हणणारी. पंधरा वर्षं ती एर्सिलियाबरोबर स्वयंपाकघरात होती, आणि बोलली नाही तरी तिला सगळं दिसायचं.

दुकानाला पन्नास वर्षं झाली तेव्हा वस्तीच्या मंडळाने मोठं जेवण ठरवलं. ऑक्टोबरातला एक शनिवार, दुपारी. निवृत्त मास्तर सेन्योर बेलार्मिनो यांनी दुकानाचा इतिहास भाषणात सांगायचा असं ठरलं. ते सलग तीन दुपारी येऊन नातोसमोर बसले आणि नातोने त्यांना हसवत हसवत सगळं सांगितलं. आठवड्याने, गिऱ्हाईक नसलेल्या वेळी, ते पुन्हा आले आणि रिकाम्या टेबलांसमोर उभे राहून भाषणाची तालीम करू लागले. आवाज कमावलेला होता. आत लाटणं फिरवता फिरवता एर्सिलियाला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

साव्हेरिओ आले, बैल आले, पाडलेली भिंत आली. कणखर आई नुन्त्सिया आली. मग बाप वारल्यावर कोवळ्या खांद्यांवर भार घेणारा नातो आला. पातेलं आलं, आणि भुकेल्या वस्तीला जगवणारा नातो आला. मास्तर जरा थांबले, घसा खाकरला आणि म्हणाले, "आणि या सगळ्यात नातोला स्वयंपाकघरात मदत करणारी त्याची बहीण हिलाही आपण विसरता कामा नये."

एर्सिलियाचं लाटणं थांबलं.

मदत. तिने तो शब्द दोन-तीनदा मनात उलटापालटा करून पाहिला. एवढ्या वर्षांच्या पाऱ्या, भाजलेली मनगटं, उन्हाळ्यात चुलीसमोर आलेली चक्कर, हे सगळं मदत. आणि नावसुद्धा नाही, ‘त्याची बहीण’. मास्तरांनी तिला दुसरीत असताना शिकवलं होतं. तिचं नाव त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आतापर्यंत ती जळत होती ती धुमसत्या कोळशासारखी. त्या दुपारी त्याचा भडका उडाला. तिने ठरवलं, शनिवारी या सगळ्यांना दाखवायचं. भांडायचं नाही, रडायचं नाही. फक्त एक दिवस मदत करायची नाही.

शुक्रवारी तिने ग्लादिसला सांगितलं की डॉक्टरकडे जाते, आणि बस पकडून फ्लोरेसला गेली, जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. तिथल्या एका पास्त्याच्या दुकानात रांगेत उभी राहिली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं की किती माणसांसाठी, तर ती म्हणाली, माझ्या भावाकडे मोठं जेवण आहे. मुलीने कौतुकाने दोरीने बांधलेले खोके एकावर एक रचले. ते टॅक्सीत घालून आणताना एर्सिलियाने वर आपली शाल टाकली होती, चोरीचा माल असल्यासारखी. एक खोका उघडून तिने आतली एक राव्हिओली उजेडात धरली. पारी जाड होती, कडा दाताखाली चिवट लागणार होत्या, सारणात पाव मिसळला होता. तिचा जीव सुखावला. एवढं वाईट, की आंधळ्यालाही कळेल.

शनिवारी सकाळी ग्लादिसने खोके पाहिले आणि विचारलं, "दोन्या, हे काय?"

"राव्हिओली."

"आपल्या नाहीत."

"आज ह्याच."

ग्लादिसने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पाणी चढवलं. तूकोसुद्धा त्या दिवशी उशिरा, डबाबंद टोमॅटोचा, झटपट झाला.

दुपारी खुर्च्या कमी पडल्या. शेजारच्या केशकर्तनालयातून बाकं आणली, पोरांना मांडीवर घेतलं. दिव्यांना कागदी झालरी लावल्या होत्या. वाढपी आमान्सिओ पहिली ताटं घेऊन गेला आणि एर्सिलिया ढकलदाराच्या गोल काचेला डोळा लावून उभी राहिली.

तिने मनात सगळं आधीच बघून ठेवलं होतं. पहिला घास जाईल. माणसं चावायची थांबतील. एकमेकांकडे बघतील. कुणीतरी म्हणेल, हे काय, एर्सिलिया आजारी आहे का? तिचं नाव टेबलाटेबलावरून फिरेल. नातो गाईल, विनोद सांगेल, पण त्याने काही होणार नाही, कारण तोंडात जे आहे ते आहे. मग त्यांना कळेल की पन्नास वर्षं ते कुणाकडे येत होते.

खाटीक फेलिसियानो दाराजवळच बसला होता. दर गुरुवारी येणारा माणूस, तिच्या राव्हिओलीचा जिवंत साक्षीदार. त्याने पहिला काटा तोंडात घातला. चावला. थांबला. फेलिसियानोने रुमालाने मिशी पुसली, इकडेतिकडे पाहिलं, आणि चीजची वाटी मागितली.

मग तो जेवू लागला. सगळेच जेवू लागले. तिने एकेक चेहरा बघितला आणि कुठेच काही नव्हतं. सेन्योर बेलार्मिनो शेजारणीला सांगत होते की ही अगदी तीच चव, साठ सालची. कुणीतरी ओरडलं, "नातो, हात चुंबायला हवेत तुझे!" आणि नातो नेहमीसारखा हसला. पलीकडे एव्हारिस्तो पावाच्या तुकड्याने ताटातला रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत पुसून घेत होता. एके काळी तिने चमच्याने भरवलेली पहिली राव्हिओली खाऊन ह्याच माणसाने डोळे मिटले होते. आताही त्याने डोळे मिटले.

एर्सिलिया पिठाच्या पोत्यावर बसली. म्हणजे इतकी वर्षं ती पारी पातळ लाटत होती ती कुणासाठी? त्यांना फक्त नातो हवा होता. ताटात पुठ्ठा वाढला असता तरी त्यांनी तो नातोच्या तोंडाकडे बघत गिळला असता. तिला वाटलं होतं की आज भावाचं सोंग उघडं पडेल. उघडी पडली ती. तिला त्याचा जितका हेवा आजवर वाटला होता, त्याहून किती तरी जास्त त्या क्षणी वाटला, आणि त्यात आता आधार घ्यायलाही काही नव्हतं. आधी निदान म्हणता तरी यायचं, माणसं येतात ती माझ्या हातच्या चवीसाठी.

ग्लादिसने तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. बाहेर मास्तर उभे राहिले होते. भिंत पडली, किल्ल्या आल्या, पातेलं आलं. एर्सिलियाने कान झाकायला हात उचलला. "आणि या सगळ्यात नातोला स्वयंपाकघरात मदत करणारी..."

"थांबा, सेन्योर बेलार्मिनो," नातोचा आवाज आला.

हशा पिकला, लोकांना वाटलं, आता काहीतरी गंमत सांगणार. पण नातो गंमत सांगत नव्हता. तो म्हणाला, "मदत मी करतो. आयुष्यभर मीच केली. मला अंडं उकडता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही त्यावर हसता. मग जेवण कुठून येतं? भिंतीतून? त्या पातेल्याखाली जाळ कुणी लावला? मी डाव धरून उभा होतो, बस. एर्सिलिया, बाहेर ये."

ती हलली नाही. आमान्सिओ आत आला आणि तिचं कोपर धरून तिला दारातून बाहेर घेऊन गेला. ओले हात एप्रनला पुसत ती उजेडात उभी राहिली. सगळी खाणावळ उठून उभी राहिली होती. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. बाया डोळे पुसत होत्या. मास्तर लाल झालेल्या चेहऱ्याने सगळ्यांहून जोरात टाळ्या पिटत होते. फेलिसियानोने पुढे होऊन तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, "दोन्या एर्सिलिया, आजच्यासारखी राव्हिओली मी जन्मात खाल्ली नाही."

त्या हातांना पिठाचा कणही लागलेला नव्हता. जन्मभर ज्या टाळ्यांसाठी ती जळली, त्या आल्या तेव्हा ताटात दुसऱ्याच कुणाचं काम होतं. तिने मान हलवली, काहीतरी पुटपुटली आणि आत पळाली. लोकांना तो तिचा लाजाळूपणा वाटला आणि त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

चारच्या सुमाराला वस्ती दुपारच्या झोपेसाठी पांगली. ग्लादिस आणि आमान्सिओ घरी गेले. नातो दोन छोटे ग्लास आणि वाईनची उरलेली बाटली घेऊन स्वयंपाकघरात आला आणि आईची नजर चुकवत असल्यासारखा उंबऱ्यातच उभा राहिला.

"कुठून आणल्यास?" त्याने विचारलं.

"काय?"

"एर्सी. मला शिजवता येत नाही. पण पन्नास वर्षं खातोय."

तिने रिकाम्या खोक्याची दोरी बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाली, "फ्लोरेसहून."

"जायफळच नव्हतं. कडा तर चपलेच्या तळासारख्या."

"तुला कळलं."

"पहिल्या घासाला."

"मग मला बाहेर कशाला ओढलंस? माझी शोभा करायला?"

नातोने मान हलवली. तो म्हणाला की घास तोंडात गेला, आणि वाटलं, ही गेली. इथेच आहे, पण गेली. मग मास्तरांचं ‘मदत’ ऐकलं आणि का गेली ते त्याच्या ध्यानात आलं. "म्हटलं, आत्ता हिला बाहेर नाही आणलं तर ही सोमवारी चूल पेटवणार नाही."

"म्हणजे दुकान वाचवलंस."

"तेही होतंच," नातो म्हणाला. खोटं बोलला नाही, एवढं तिने मनात नोंदवलं.

"तुझ्याशिवाय कुणालाच कळलं नाही," ती म्हणाली. "कुणालाच नाही, नातो. ते तुझ्याकडे येतात."

"रोज असं वाढ, महिन्याभरात बघ कोण येतं ते. एक दिवस मी झाकू शकतो. मला सगळा वेळ बडबड करावी लागली आज. घामाने जाकीट भिजलं." तो आत आला, पोत्यावर बसला, आणि ग्लासातली वाईन न पिता बोलू लागला. "मी लहान होतो ना, तेव्हा या दारापलीकडे बसायचो, सोड्याच्या बाटल्या पुसत. आत तू आणि आई हसायचात. मी दार ढकललं की दोघी गप्प. आणि आई डाव उचलायची. मला वाटायचं, आत काय आहे एवढं? बाहेर करायला काहीच नव्हतं, म्हणून मी लोकांशी बोलायला लागलो. तुम्ही कशाला हसत होतात, हे मला आजपर्यंत कळलं नाही."

एर्सिलियाला ठाऊक होतं. त्या त्यालाच हसायच्या. तो छाती काढून ट्रे कसा न्यायचा, त्याची आई हुबेहूब नक्कल करायची. हे तिने सांगितलं नाही. पण नातोलासुद्धा इतकी वर्षं कुणाचातरी हेवा वाटत होता, आणि तो तिचा, हे ऐकून तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. भावाचं जुनं दुःख ऐकून सुख वाटावं याची शरमही वाटली, पण सुख काही कमी झालं नाही. आणि तेवढ्यात तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिला त्याचा नव्याने राग आला. रडवायचं म्हटलं तरी ह्याला जमतं! तीच गोष्ट तिने सांगितली असती तर कुणी जांभई दिली असती.

"मी दुकान काढणार आहे," ती म्हणाली.

हे शब्द तिच्या मनात आधी नव्हते. ऐकून तिलाच नवल वाटलं.

"कसलं दुकान?"

"पास्त्याचं. वळणावरचं ते बटणांचं दुकान बंद पडलंय ना, तिथे. पाटीवर माझं नाव."

"आणि इथलं कोण करेल?"

"माणूस ठेव. राव्हिओली माझ्याकडून घेशील. रांगेत उभा राहून."

नातोने वाईन एका घोटात संपवली. त्याचा चेहरा उतरला होता, आणि तो गंमत करत नव्हता, हे तिने नीट बघून घेतलं. "रांगेत," तो म्हणाला. "बरं."

पाटी लागायला उन्हाळा गेला. बटणांचे खण काढून तिथे पिठाचे डबे आले, काचेवर हिरव्या रंगात ‘एर्सिलिया’ हे नाव लिहून झालं. रंगाऱ्याने आडनाव विचारलं तर तिने नको म्हणून सांगितलं. आडनाव भावाचंही होतं. ग्लादिस तिच्याबरोबर आली, आणि तिला नुसती पगारी न ठेवता एर्सिलियाने भागीदार करून घेतलं, कारण ‘मदत’ हा शब्द तिला त्या दुकानात नको होता. ला सिलात उत्तरेकडच्या तुकुमानचा एक तरुण आचारी आला. बरा होता. सुरुवातीला लोक कुरकुरले, मग फळ्यावर नातोने खडूने ‘एर्सिलियाच्या राव्हिओली’ असं लिहिलं आणि लोक निवांत झाले. ती मुद्दाम त्या फुटपाथवरून जाऊन ते वाचून आली. अक्षर नातोचं होतं, मोठं, सुंदर, वळणदार. तिला अक्षराचाही हेवा वाटला.

पहिल्याच रविवारी सकाळी दारापासून कोपऱ्यापर्यंत रांग लागली. काउंटरमागे उभं राहून ती पारीवर कातणं फिरवत होती आणि बाहेर कुणीतरी फोनवर सांगत होतं, "एर्सिलियाकडे आहे, रांग मोठी आहे, पण घेऊनच येतो." ते ऐकून तिच्या हातातलं कातणं जरा वाकडं गेलं. एक पट्टी फुकट गेली. तिला वाईट वाटलं नाही.

मग हशा ऐकू आला. आधी थोडा, मग मोठा. तिने मान वर केली. रांगेच्या मधोमध नातो उभा होता, पांढऱ्या जाकिटात, आणि हातवारे करून काहीतरी सांगत होता. त्याच्या पुढची माणसं मागे वळून ऐकत होती. पुढे जागा मोकळी झाली तरी कुणी सरकेना. एक बाई तर आपला नंबर आलेला असताना मागच्याला म्हणाली की तुम्ही व्हा पुढे, मला शेवट ऐकायचाय. एर्सिलियाच्या अंगाची लाहीलाही झाली. माझं दुकान, माझी रांग, माझं नाव काचेवर, आणि हा इथेही!

ती पिठाच्या हातांनीच दारात आली. "नातो, मागच्या दाराने ये आणि तुझे खोके घेऊन जा."

"रांगेत उभं राहायचं ठरलंय," तो म्हणाला.

"तोंड मिटून उभं राहायचं ठरलंय."

"ते कधी ठरलं?"

"तू जन्मलास तेव्हाच मी आईला म्हटलं होतं. तिने ऐकलं नाही."

रांग खो खो हसली. फेलिसियानो तर भिंतीला टेकला. एर्सिलिया आधी गोंधळली, कारण ती मनापासून चिडली होती, विनोद करायचा तिचा विचारच नव्हता. मग तिच्या लक्षात आलं की माणसं तिच्या बोलण्याला हसतायत. नातोही हसत होता, पण जरा उशिरा, आणि तिच्याकडे किंचित डोळे बारीक करून बघत. ती नजर तिला ओळखीची वाटली. कित्येक वर्षं ती स्वतः त्याच नजरेने गोल काचेतून बाहेर बघत आली होती. ती आत गेली आणि त्याचे खोके शेवटी बांधायला ठेवले, म्हणजे त्याला आणखी थोडं थांबावं लागेल.

तेव्हापासून दर रविवारी हे असंच चाललं. नातो यायचा, रांग अडवायचा, ती दारात येऊन त्याला झापायची, आणि काही माणसं त्यासाठीच लवकर येऊन उभी राहतात असं ग्लादिस म्हणायची. त्यातली किती नातोसाठी आणि किती आपल्यासाठी, याचा हिशेब एर्सिलिया मनातल्या मनात मांडायची. उत्तर कधी बरोबर येत नसे, आणि कधीकधी त्याने तिची अख्खी दुपार नासायची.

मे महिन्यात, तिथल्या हिवाळ्याच्या तोंडावरच्या एका गार सकाळी रांग नेहमीसारखी लागली, पण त्यात पांढरं जाकीट नव्हतं. माणसं गपगुमान सरकत होती, खोके भराभर जात होते, सगळं तिला हवं तसं चाललं होतं. फेलिसियानोचा नंबर आला तेव्हा त्याने खोका घेतला आणि विचारलं, "आज नातो नाही आला?"

एर्सिलियाने पारीवरून नजर उचलली नाही. तिला पुन्हा तेच जुनं टोचलं, अगदी त्याच जागी.

"येईल मेला," ती म्हणाली, आणि पुढची पट्टी कापता कापता तिने दोनदा दाराकडे बघितलं.